होडीचा वाटा

मला हात दिला तो आमच्या शाळेतल्या थोरल्या बाईंनी. हे सगळ्यांत आधी लिहून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी त्यांच्यावर किती जळत होते हेच जास्त येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई केलेलं विसरली. विसरलेली नाही. पनवेलला मला चार माणसांत उभं केलं ते त्यांनीच. पण ज्याने हात धरला त्याचंच चांगलं बघून पोटात दुखावं, असंही होतं माणसाचं. माझं झालं.

माझं माहेर वऱ्हाडातलं. सहावीच्या मध्यावर लग्न ठरलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. आमचे हे तिकडे कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होते. पनवेलच्या एका भाताच्या गिरणीला इंजिनवाला माणूस हवाय असं कुणीतरी कळवलं, आणि आम्ही एक ट्रंक, एक वळकटी घेऊन इकडे आलो. इकडे सगळंच वेगळं. वारा आला की मिठागराचा वास, नाहीतर सुकत घातलेल्या मासळीचा. भाकरी तांदळाची, पांढरी आणि मऊ. दोन खाल्ल्या तरी मला जेवल्यासारखं वाटत नसे. आईकडे जायचं म्हणजे दोन दिवस प्रवासात मोडायचे, त्यामुळे जाणं नव्हतंच.

हे गिरणीत गेले की दिवस खायला उठायचा. शेजारच्या बायका कामं करताना ओव्या म्हणत, गाणी म्हणत. मला त्यांची गाणी येत नव्हती आणि माझी म्हणायला सोबत कोण? मग मी पाढे म्हणायची. खरंच. तांदूळ निवडताना, भांडी घासताना, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आमच्या गावच्या मास्तरांनी ते असे घोकून घेतले होते की झोपेतून उठवलं तरी यावेत.

आमची खोली थोरल्या बाईंच्या घराच्या मागच्या पडवीला लागून होती. त्यांचं घर म्हणजे त्या आणि त्यांच्या आई. एके दिवशी मी मोरीवर बसून पाऊणकी म्हणत होते, तर पलीकडून आवाज आला.

"अडीचकी येते का हो?"

मी दचकले. म्हटलं, "येते."

"औटकी?"

"तीही येते."

"म्हणून दाखवा बघू."

मी साडेतीनचा पाढा शेवटपर्यंत म्हटला. मग त्या भिंतीला वळसा घालून समोरच आल्या, हातात पिळलेली ओली साडी, आणि म्हणाल्या, "किती शिकलात?"

"सहावी. अर्धी."

"अर्धी म्हणजे साडेपाच," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "चालेल."

काय चालेल ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांची शाळा खाडीकडच्या वस्तीला होती. एकच लांब खोली, मध्ये बांबूचा तट्ट्या उभा केलेला, आणि चार इयत्ता. दुसरं माणूस तिथे टिकत नसे. शेवटच्या बाई लग्न होऊन गेल्या होत्या आणि थोरल्या बाई एकट्या चारही वर्ग ओढत होत्या. त्यांनी शाळांच्या बोर्डाकडे खेटे घालून माझ्यासाठी तात्पुरती परवानगी मिळवली. पण साफ सांगितलं होतं. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, तपासणीला येतील, वर्ग बघतील. त्यांना पसंत पडलं तर सातवीची परीक्षा बाहेरून द्यायची आणि राहायचं. नाही पडलं तर त्याच दिवशी घरी.

घरी म्हणजे त्या खोलीत, पाढे म्हणत. मला ते नको होतं. मला वर्ग हवा होता. कुणीतरी आपल्याला बाई म्हणावं, हे एकदा कानाला लागलं की सुटत नाही.

पण पोरं मला बाई म्हणत नव्हती. ती मला काहूनबाय म्हणत.

झालं असं की पहिल्याच दिवशी एक पोरगं रडत होतं आणि मी आमच्याकडच्यासारखं विचारलं, "काहून रडतं रे?" वर्गात एकदम हशा. 'काहून' म्हणजे 'का' हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत झालं, नवी बाय आलीय, काहून काहून करते. थोरल्या बाईंना मात्र ती थोरली बाय म्हणत, आणि ते 'बाय' वेगळंच असे. त्यात माया असे. माझ्या 'बाय'मध्ये खोडी.

पहिली आणि तिसरी माझ्याकडे, दुसरी आणि चौथी त्यांच्याकडे. तट्ट्याच्या पलीकडून त्यांचा आवाज यायचा. कधी वर चढला नाही तो. माझा घसा दुपारपर्यंत बसायचा. त्या पोरांशी पोरांच्या बोलीत बोलत, "तुमी काल कुठं व्हतात रं?" आणि लगेच फळ्याकडे वळून पुस्तकातलं शुद्ध बोलत. दोन्ही त्यांना शोभत असे. मी यातलं काहीही बोलले तरी पोरांना हसूच यायचं. त्या खडूने फळ्यावर एका झटक्यात गोल काढत, आणि तो खरोखर गोल असे. माझा गोल वांग्यासारखा व्हायचा. पोरं त्यांच्या टेबलावर चिंचा ठेवत, बोरं ठेवत, कुणी एकदा फडक्यात बांधून जिवंत खेकडा आणला होता. माझ्या टेबलावर कधी कुणी काही ठेवलं नाही. मी खेकडा खात नाही हे खरं. पण ठेवला तर असता!

आणि त्यांची आई घरात होती. शाळेतून आल्या की त्यांना आयता चहा मिळायचा. याचं तर मला इतकं वाईट वाटायचं की मी आमचं मागचं दार लावून घ्यायची.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "त्या शिकलेल्या आहेत. ट्रेनिंग झालंय त्यांचं. तू त्यांच्यासारखं करायला बघ."

म्हटलं, "तुम्ही इंजिन बघा तुमचं."

पावसाळा सरला आणि तिसरीच्या पुस्तकात अपूर्णांक आले. मला वाटलं, हा माझा प्रांत. पोरांनाही पाव, अर्धा, पाऊण तोंडपाठ. पावशेर तेल, अर्धा शेर गूळ, रोजचंच. पण पुस्तकात एकाखाली रेघ, रेघेखाली पाच, असं आलं की पोरं बुचकळ्यात पडायची. खरं सांगायचं तर मीही पडत होते. सहावीपर्यंत गेले होते, मला पाढे येत होते, पण ती रेघ म्हणजे काय, हे कुणी मला कधी दाखवलं नव्हतं. पाऊण म्हणजे एकाला पाव कमी, एवढंच माझ्या डोक्यात. त्यात तीन पाव बसलेले आहेत हे मी कधी मोजून बघितलं नव्हतं. ते थोरल्या बाईंनीच मला आदल्या संध्याकाळी पडवीत बसून पाटीवर दाखवलं. वरचा तो अंश, खालचा तो छेद. खालचा सांगतो किती सारखे वाटे केले, वरचा सांगतो आपण त्यातले किती घेतले. सुरुवातीला वर एकच ठेवायचा, म्हणाल्या. एकाचं पक्कं झालं की मग दोन, तीन.

मी वर्गात गेले आणि फळ्यावर माझी दोन वांगी काढली. एकाचे चार भाग, एकाचे पाच. विचारलं, "एक चतुर्थांश मोठा की एक पंचमांश?"

"पंचमांश!" सगळा वर्ग.

"का?"

"चारापेक्षा पाच मोठे हायेत."

मी परत समजावलं. परत तेच. तिसऱ्यांदा एक मुलगी म्हणाली, "बाय, तुमचा पाचवाला गोल मोठा काढलाय." बघितलं तर खरंच मोठा निघाला होता.

तेवढ्यात थोरल्या बाई तट्ट्याच्या बाजूने आल्या. हातात नारळाच्या झावळीची दोन पाती, सारख्या लांबीची. एक पातं त्यांनी चार पोरांना सारखं फाडून दिलं, दुसरं पाच पोरांना. म्हणाल्या, "आपापला तुकडा वर करा. आता कुणाचा लांब, कुणाचा आखूड?"

ज्या पाचांना दुसरं मिळालं होतं त्यातला एक लगेच कुरकुरला, "आमचा लहान. आमी पाच जनं होतो म्हनून."

"बस," बाई म्हणाल्या, "हेच ते." आणि गेल्या पलीकडे.

झालं. सगळ्या वर्गाला कळलं. माझी सगळी सकाळ गेली होती आणि त्यांना दोन पाती लागली. पोरं घरी जाताना झावळ्या फाडत, एकमेकांना चतुर्थांश, पंचमांश देत गेली. मी फळा पुसत होते. फळा पुसताना डोळ्यांत खडू गेला असं मी बाईंना सांगितलं.

त्या रागाने मी ठरवलं की पुढचा धडा आपण त्यांच्याशिवाय शिकवायचा. पुढचा धडा म्हणजे दोन तृतीयांश, तीन पंचमांश, ज्यात वर एक नसतो असे. मी घरून पाती घेऊन गेले, सारखी मापून. पाच तुकडे केले. म्हटलं, "एकाला एक दिला तर एक पंचमांश. आता ह्याला दोन दिले. किती झाले?"

गप्प.

"दोन पंचमांश. म्हणा."

म्हटलं त्यांनी. पण तोंडाने. एक मुलगी होती, तिच्या घरची होडी होती आणि ती बोलायला घाबरत नसे, ती म्हणाली, "पन दोन का दिले?"

"समजायला."

"सारके वाटले म्हनलात ना? मग एकाला दोन कशे?"

मी म्हटलं, गणितात असतं तसं. ती गप्प बसली. तिचा चेहरा मात्र सांगत होता की तुमचं गणित खोटं आहे.

मी वाट बघत होते की तट्ट्याच्या पलीकडून त्या येतील आणि काहीतरी एक चुटकीसारखं करून जातील. त्या आल्या नाहीत. संध्याकाळी पडवीत मला म्हणाल्या, "तो धडा अवघडच आहे. माझीही पोरं तिथे अडतात दरवर्षी." मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत. आणि त्याचाही राग आला. त्यांना चांगुलपणा दाखवायला जागा मिळते ती माझ्या अडाणीपणात, असं काहीतरी वाटलं. तेव्हा हे शब्द नव्हते. नुसतं पोटात दुखत होतं.

मग निरोप आला की दिपोटी येतायत.

मला एका गोष्टीची काळजी लागली की तिच्या मागून दहा येतात. साहेब नाव विचारतील, शिक्षण विचारतील, सहावी अर्धी म्हटलं की उठतील. पोरं त्यांच्यासमोर काहूनबाय म्हणतील. मी थोरल्या बाईंना म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही तिसरीचं गणित घ्या. मी पहिलीला गाणी घेते."

"नाही," त्या म्हणाल्या. "ते तुला बघायला येतायत. मला काय बघायचंय?"

हे त्यांनी सहज म्हटलं, पण मला ते लागलं. खरंच, त्यांना काय बघायचं होतं!

दिपोटी आले ते सकाळीच. घाटावरचे, टोपी घातलेले, दमट हवेने वैतागलेले, पण माणूस वाईट नव्हता. रुमालाने मान पुसत पुसत त्यांनी पोरांची पाढ्यांची परीक्षा घेतली. पाढे खणखणीत आले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अपूर्णांक झालेत?"

"झालेत." मी म्हटलं.

साहेबांनी पोरांकडे प्रेमाने बघितलं. वस्ती कुणाची आहे ते त्यांनी येतानाच बघितलं असणार, म्हणून मुद्दाम पोरांच्या जवळचं उदाहरण घेतलं. "हां, सांगा बरं. चार जण होडी घेऊन मासळीला गेले. मासळी घेऊन आले. सारखी वाटून घेतली. प्रत्येकाला कितवा भाग मिळाला?"

मी मनात म्हटलं, देवा, सोपं विचारलं.

आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "पाचवा!"

साहेबांना वाटलं नीट ऐकलं नाही. "किती जण म्हटलं मी?"

"चार!"

"मग भाग?"

"पाचवा!"

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तट्ट्याच्या कडेला थोरल्या बाई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना उत्तर माहीत आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, आणि त्या बोलणार नाहीत हेही कळलं. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आजवर कुणाचा आला नसेल. तुमची पोरं, तुमचं गाव, तुमची खाडी, आणि मला पाण्यात ढकलून काठावर उभ्या आहात.

"शिकवलंय काय यांना?" साहेब म्हणाले.

मी पोरांवर ओरडणार होते. तोंड उघडलं, आणि घाबरलं की माणसाची जीभ माहेरी पळते, तशी माझी पळाली. "काहून रे? पाचवा काहून?"

पोरं खदखदून हसली. साहेबांसमोर! पण त्या हसण्यात त्यांची भीती गेली, आणि ती होडीवाल्या घरची मुलगी उभी राहिली.

"होरीचा नको का, बाय?"

"होरीचा म्हणजे?"

"होरी! नाव!" तिला माझ्या अडाणीपणाची कीव आली. "चार जनांचे चार. न् होरीचा एक. होरीला वाटा द्यायला लागतो. नाय दिला तर उद्या होरी कोन देल?"

मी वऱ्हाडातली. होडी मी इथे येऊन पहिल्यांदा बघितली. तिला माणसासारखा वाटा असतो हे मला कोण सांगणार? तशी आमच्याकडेही बटाईची शेती असते. शेत ज्याचं त्याला वाटा जातो. पण शेताचा वाटा, असं कुणी म्हणत नाही. मालकाचा म्हणतात. इथे लाकडी होडी बसते पंगतीला.

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. "म्हणजे वाटे किती?"

"पाच."

"आणि प्रत्येकाला?"

"पाचवा. सांगितलं ना मगाशी?"

साहेबांच्या मिशीखाली जरा हललं. आता मला थांबवत नव्हतं. भीती असते तोवर असते, आणि एकदा मागे पडली की माणूस बोलतच सुटतं. मी त्या मुलीला विचारलं, "मग होडीचा वाटा कोण खातं? होडी?"

"होरी कशी खाल, बाय!" सगळे हसले. "होरी ज्याची तो घेतो."

"आणि त्या चारांतल्याच एकाची असली तर?"

"मग त्याचे दोन. एक त्याचा, एक होरीचा."

"पाचातले दोन," मागून कुणीतरी म्हणालं.

मी खडू उचलला. फळ्यावर दोन लिहिले, रेघ मारली, खाली पाच. रेघ वाकडी गेली. म्हटलं, "हे काय?"

"होरीवाल्याचा वाटा!"

"याला म्हणायचं काय?"

मग त्याच मुलीने, जिला माझं गणित खोटं वाटत होतं, तिने सावकाश म्हटलं, "दोन पंचमांश." आणि तिला हे कळलं असं मला दिसलं. ते दिसतं. आधी कधी मी ते जवळून बघितलं नव्हतं, ते तट्ट्याच्या पलीकडेच होत असे.

साहेब आता खुर्ची ओढून बसले. त्यांनाच गोडी लागली होती. "आणि जाळं? जाळंही त्याचंच असलं तर?"

"मग जाल्याचा पन वाटा. सहा झाले."

"त्याला किती?"

"सहातले तीन." पोरं बोटं मोजत होती. एक कोपऱ्यातलं पोरगं उठून म्हणालं, "म्हंजे अर्धी मासली त्याचीच की!"

"माजा काका तसाच करतो," ती मुलगी म्हणाली. "अर्धी घेतो, न् वल्हं पन नाय मारत. नुसता पुढं बसून वरडतो."

साहेब एवढ्या मोठ्याने हसले की पहिलीतली पोरं रडायला लागली.

माझा जीव आता कुठे खाली बसत होता. मनात म्हटलं, हे माझं. हे मी केलं. पाती नाहीत, गोल नाही, माझ्या माहेरच्या एका शब्दाने केलं. आणि तेवढ्यात साहेब उठले, थोरल्या बाईंकडे वळले आणि म्हणाले, "वा! तयारी तुमचीच दिसते ही. नव्या माणसाला छान घडवलंत."

बरोबर. तेही त्यांचंच.

मी खाली बघून उभी राहिले. मला माहीत होतं त्या काय म्हणतील. हसून म्हणतील, नाही हो, तिचेही कष्ट आहेत. मोठी माणसं म्हणतात तसं. त्यात ते 'तिचेही' असतं.

थोरल्या बाई म्हणाल्या, "नाही साहेब. मी इतकी वर्षं चूक शिकवतेय."

साहेबांना कळलं नाही.

"माझ्या वर्गातही पोरं पाचवा म्हणतात. दरवर्षी. मी इथलीच, त्यामुळे मला लगेच कळतं की होडी धरली. मी सांगते, होडी सोडा रे, गणितात होडी नसते. पोरं बिचारी सोडतात. चौथा म्हणतात. आणि पुढच्या धड्यात एकाला दोन वाटे म्हटलं की गप्प बसतात. ती गप्प का बसतात हे मला आज कळलं. ज्याला दोन वाटे मिळतात असा एकच माणूस त्यांना ठाऊक असतो, आणि त्यालाच मी आधीच्या धड्यात हाकलून दिलेलं असतं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने हाकललं नाही. हिने विचारलं. आजचं सगळं हिचं आहे."

एवढं सगळं त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. दिपोटींसमोर. माझ्यासारख्या साडेपाच यत्तावालीसमोर. माझ्याकडून असं कधी झालं नसतं. कुणी मला दहा वेळा सांगितलं असतं तरी मी माझी चूक अशी फळ्यावर लिहावी तशी मांडली नसती. लोक म्हणतील की त्या दिवसापासून माझं जळणं थांबलं असेल. थांबलं नाही. ते सरकलं फक्त. आधी मला त्यांच्या गोलाचा हेवा वाटत होता, आवाजाचा, आईच्या हातच्या चहाचा. आता मला त्यांच्या त्या बोलण्याचा हेवा वाटायला लागला, आणि हा जास्त टोचणारा. गोल काय, सरावाने येतो.

जाताना साहेब पायरीवर थांबले. मला म्हणाले, "सातवीला बसा. यंदाच बसा. तोवर वर्ग तुमच्याकडेच." मी मान हलवली. मग ते थोरल्या बाईंना म्हणाले, "आणि तुमच्या पुण्याच्या मोठ्या ट्रेनिंगचं काय? नाव येतं आणि तुम्ही नाही म्हणता. दरवेळी काय कारण?"

"शाळा कुणाच्या जिवावर सोडू, साहेब? दुसरं माणूस टिकत नाही."

"मोठ्या ट्रेनिंगशिवाय वरची शाळा मिळायची नाही तुम्हाला."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि पोरांना पाणी प्यायला सोडायला आत गेल्या.

हे मला नवीन होतं. मी समजत होते की ज्यांच्याकडे सगळं आहे त्या या. त्यांना काही हवं असेल आणि ते मिळत नसेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या आईने मला चहा दिला, पहिल्यांदाच, बशीत ओतून. त्याच म्हणाल्या, "पुण्याला जायचं म्हणून तिने पेटी घेऊन ठेवलीय. तांदूळ भरते आता मी तिच्यात."

त्या वर्षी थोरल्या बाईंनी मला सातवीचं सगळं शिकवलं. शाळा सुटली की त्यांच्या पडवीत. इतिहास, भूगोल, आणि ते अपूर्णांक, पुढचे, बेरजा-वजाबाक्यांचे. त्या समजावून सांगत आणि मला समजे, आणि समजलं की त्याच क्षणी वाटे, मी पोरांना असं कधी सांगू शकेन? त्यांच्या लक्षात येत असावं. एकदा मी पाटीवर एक गोल काढला आणि तो बरा निघाला, तेव्हा म्हणाल्या, "झालं का समाधान?" मी गोरीमोरी झाले. त्यांनी पुढचं गणित घातलं.

मी पास झाले. वर्ग माझ्याकडे राहिला. पोरं अजून मला काहूनबायच म्हणतात, आता नवी पोरंही म्हणतात, ज्यांना त्याचं मूळ ठाऊक नाही. चतुर्थांश-पंचमांशाला मी पाती वापरते, त्यांच्यासारखीच. पुढच्या धड्याला होडी काढते. थोरल्या बाईंच्या वर्गातली पोरं त्या वेळी तट्ट्याच्या फटीतून डोकावतात, आणि त्या त्यांना डोकावू देतात.

पण थोरल्या बाई अजून इथेच आहेत. माझं नुसतं सातवी पास असणं पुरत नाही. माझं स्वतःचं ट्रेनिंग व्हायचंय, मी कायम व्हायचीय, मग बोर्ड शाळा माझ्यावर सोडणार. अर्ज घातलाय. हे म्हणतात, होईल. मला रोज वाटतं की होणार नाही, कुणीतरी विचारेल, बाई तुमची शाळा कुठली, आणि मी अर्ध्या सहावीपाशी अडखळेन. तरी घातलाय.

माझं झालं की एक करणार आहे. त्यांच्या आईला सांगून त्या पेटीतले तांदूळ डब्यात भरून घेईन, पेटी पुसून देईन, आणि पुण्याच्या मोटारीत त्यांना मी स्वतः बसवून येईन. चारही वर्ग मी ओढीन, त्यांनी ओढले तसे. त्यांच्या आईचा संध्याकाळचा चहाही मीच करीन. त्या शिकून परत येतील तेव्हा पोरं माझा वर्ग टाकून त्यांच्याकडे धावतील, मला दिसतंय ते आत्ताच, आणि दिसलं की दुखतंही. दुखू दे. त्यांना मी पाठवणार आहे.